यश आणि कीर्ति

घरांतील मुलांनीं आग्रह धरला म्हणून गेल्या महिन्यांत ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आम्हीं सर्वांनीं एकत्र बसून पाहिला. कबीर खान यांनीं दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटांत नायकाचें काम कार्तिक आर्यन यांनीं केलें असून तो जून २०२४ मध्यें प्रदर्शित झाला. खेळाडूंच्या चरित्रांवरील चित्रपटांची रीत वाचकांच्या परिचयाची आहे. आरंभीं उपहास, मध्यें संकट आणि शेवटीं पदक व टाळ्यांचा कडकडाट. येथेंहि तें सारें आहे. परंतु चित्रपट संपल्यावर माझें मन त्या पदकापाशीं न थांबतां पुढच्या काळांत घोटाळत राहिलें; त्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

ही कथा कल्पित नव्हे. श्री. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे. सैन्यांत असतांना मुष्टियुद्धांत त्यांनीं नांव मिळविलें. १९६५ च्या भारत-पाक युद्धांत त्यांच्या शरीरांत अनेक गोळ्या शिरल्या. त्यांपैकीं एक पाठीच्या कण्यापाशीं रुतून बसली, ती तशीच राहिली. कमरेखालचें शरीर निकामी झालें. मुष्टियोद्ध्याचें अर्धें बळ पायांच्या चपळाईंत असतें. तेच पाय गेले! पुढें उपचाराचा एक भाग म्हणून ते पाण्यांत उतरले, आणि जें औषध म्हणून घेतलें तेंच त्यांचें शस्त्र झालें. १९७२ सालीं पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा झाल्या. आज त्यांनाच पॅरालिंपिक म्हणतात. तेथें ५० मीटर मुक्तशैलीचें अंतर पेटकरांनीं ३७.३३ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला व सुवर्णपदक मिळविलें. त्या स्पर्धांत भारताला मिळालेलें तें पहिलेंच सुवर्णपदक. अभिनव बिंद्रा यांनीं ऑलिंपिकमध्यें भारताला पहिलें वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलें तें २००८ सालीं. म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनीं.

आतां पुढचा भाग पाहा. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ सालीं. पदक आणि ही पदवी यांमध्यें ४६ वर्षें गेलीं. जन्मभराच्या कामगिरीबद्दलचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हातीं आला तो जानेवारी २०२५ मध्यें, चित्रपट लोकांपुढें आल्यानंतर. मधल्या काळांत ते पुण्यास टेल्कोच्या कारखान्यांत नोकरी करीत होते. विश्वविक्रम करणारा पुरुष आपल्यामध्यें वावरत होता आणि आपण त्यास ओळखत नव्हतों.

संस्कृत कोशकारांनीं ‘यश’ आणि ‘कीर्ति’ हे शब्द एकाच अर्थाचे मानले आहेत. मराठीनें मात्र त्यांत भेद केला. परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मुलास आपण यश मिळालें असें म्हणतों. कीर्ति मिळाली असें म्हणत नाहीं. हा भेद मला फार मार्मिक वाटतो. यश हें ज्याचें त्यानें मिळवावयाचें असतें. कीर्तीचें मूळ ज्या धातूंत आहे त्याचा अर्थच मुळीं उच्चारणें, नांव घेणें असा आहे. अर्थात् कीर्ति ही दुसऱ्याच्या मुखांत राहते. यश मिळविणें हें पेटकरांचें काम होतें. तें त्यांनीं ३७.३३ सेकंदांत उरकलें. नांव घेणें हें आपलें काम होतें. त्यास आपणांस ४६ वर्षें लागलीं!

हा दोष केवळ सरकारच्या माथीं मारून मोकळें होतां येणार नाहीं. मी आयुष्यभर शाळेंत शिकविलें. धैर्य, चिकाटी, दैव आणि पुरुषार्थ ह्या विषयांवर मुलांकडून किती निबंध लिहवून घेतले असतील, त्याची गणती नाहीं. दाखले मात्र सारे पुस्तकांतले व दूरदेशचे दिले. पेटकरांचें नांव मीं वर्गांत एकदांहि उच्चारलें नाहीं, कारण तें मलाच ठाऊक नव्हतें; आणि ठाऊक करून घ्यावें असेंहि कधीं वाटलें नाहीं. खेळ म्हणजे अभ्यासांतून उरलेल्या वेळाचा विरंगुळा, हीच आम्हां सुशिक्षितांची समजूत. चित्रपट चालू असतां ही गोष्ट मनाला फार लागली.

ह्याच चित्रपटांत बालनायकाला ज्यांच्यापासून स्फूर्ति मिळते ते कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. त्यांच्या प्रवासाला पैसे कमी पडले तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. मजसारख्या शिक्षकानें हें वाचून मान खालीं घालावी. शिष्याचें यश दिसण्यापूर्वींच त्याच्यासाठीं घर गहाण टाकणारा गुरु एकीकडे, आणि यश मिळून अर्धें शतक लोटलें तरी नांव न घेणारे आम्ही दुसरीकडे! खाशाबांनाहि अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ सालीं त्यांचें निधन झाल्यावर कितीएक वर्षांनीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे. हा चित्रपट मुलांसमवेत अवश्य पाहावा. त्यांत प्रसंग रंगविले आहेत, कांहीं पदरचेहि घातले आहेत; चित्रपटाला तेवढी मुभा असावी. परंतु शेवटच्या टाळ्या थांबल्यावर मुलांना घटकाभर बसवून घ्यावें आणि पुढच्या ४६ वर्षांची गोष्ट आपण सांगावी. पाठीशीं टाळ्या नसतांना जो मनुष्य रोज वेळेवर कामावर जातो त्याचें धैर्य पडद्यावर दाखवितां येत नाहीं. तें घरांतल्या वडील माणसांनींच सांगावें लागतें. आमच्या घरीं त्या रात्रीं धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, असें आणखी कोण कोण राहून गेलें असेल?” मला उत्तर देतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं दोघांनीं एक वही घातली आहे. तींत पहिलीं दोन नांवें लिहून झालीं आहेत.