भाव जमिनीचा की मनाचा?

“जमीन कधी बुडत नाही,” हे वाक्य प्रथम ज्याने उच्चारले तो जमीन विकणारा असला पाहिजे, असा माझा पक्का संशय आहे. घेणाऱ्यांनी ते केवळ पाठ केले. आमच्या वसमतला तर ते सुभाषितासारखे म्हटले जाते.

वसमत हे हळदीचे गाव. 2024 साली येथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाचीच गोष्ट. पण हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात जाते आणि पैसा हाती येऊ लागतो, तो नेमका गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या सुमारास. पट्टी खिशात, मुहूर्त दारात आणि मध्ये उभा प्लॉटचा दलाल! या तिघांची गाठ पडल्यावर हिशेब बिचारा टिकणार कोठे?

पहिली खोड खुंट्याची. दलाल जो आकडा प्रथम सांगतो, तोच खुंटा. गिऱ्हाईक घासाघीस करते, पण दोरीच्या लांबीइतकेच त्याभोवती फिरते. पन्नास हजार कमी झाले की स्वारी विजयी मुद्रेने परत! मूळ आकडा आला कोठून, हे कोणी विचारीत नाही. हे अडाण्यांचेच होते असे मात्र समजू नका. 1987 साली अमेरिकेत टूसॉन येथे नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी मुरलेल्या दलालांना एकच घर दाखविले. फक्त मागणीची किंमत निरनिराळी सांगितली. दलालांचे अंदाज त्या किमतीमागे फरफटत गेले. वर, आपण तिचा विचारच केला नाही, असे बहुतेकांचे म्हणणे!

दुसरी खोड शेजाऱ्याची. “अमक्याने पाच लाखांना घेतला, दहा लाखांना विकला,” ही कथा गावभर होते. ज्याचा प्लॉट वर्षानुवर्षे बाभळी पोसतो, तो मौन पाळतो. शिवाय पाचाचे दहा व्हायला बारा वर्षे लागली असतील, तर ती वाढ दरसाल सुमारे सहा टक्केच भरते. मुद्रांकशुल्क आणि दलाली निराळी. ‘दुप्पट’ हा शब्द कानाला गोड लागतो. वर्षे मोजायची कोणी?

तिसरी खोड सर्वांत घातक. घेतल्या भावाखाली विकायचे नाही, ही भीष्मप्रतिज्ञा! काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 साली दाखवून दिले की, लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे शल्य माणसाला अधिक बोचते. म्हणून मुलीचे शिक्षण अडते, कर्जाचे व्याज चढते, पण प्लॉट हलत नाही. आपण काय भावाने घेतला याचे बाजाराला सोयरसुतक नसते, हे मनाला कोण सांगणार?

कोणी म्हणेल, जमीन आमची आई. तिथे व्याजबट्टा कसला काढता? उत्तम. जी कसायची, जिच्यावर घर बांधून राहायचे, तिच्याविषयी माझी तक्रारच नाही. पण धड न पाहिलेल्या लेआउटमधला सतरा नंबरचा तुकडा आई कधीपासून झाला? आईचे नाव घ्यायचे आणि सट्टा खेळायचा, हे ढोंग मला मान्य नाही.

तेव्हा वाचकहो, इसार देण्यापूर्वी सातबारा आणि अकृषक परवानगी पाहाच. पण दलालाने तोंड उघडण्यापूर्वी आपला आकडा बायकोमुलांसमक्ष कागदावर मांडा. तो प्लॉट घेऊन पडला असेल, तर स्वतःला विचारा : आज तेवढी रोकड हाती असती, तर हाच तुकडा याच भावाने घेतला असता काय? उत्तर ‘नाही’ आले, तर विकून मोकळे व्हा. मुहूर्त दरसाल येतात; हळदीचा पैसा मात्र आठ-नऊ महिन्यांच्या घामाचा असतो.