सेवा परिचारिकेची, कारभार कोणाचा?

दरवर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो, परिचारिकांच्या त्यागाचा गौरव होतो आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाचे रहाटगाडगे पूर्ववत फिरू लागते. नाइटिंगेलबाईंच्या हातातील दिवा सर्वांना आठवतो. त्यांची आकडेवारी कोणाला आठवत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक दगावले, हे त्यांनी आकडे मांडून सिद्ध केले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेचे सदस्यत्व मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या जितक्या सेविका, तितक्याच कुशल प्रशासकही होत्या. आपण मात्र त्यांचा निम्माच वारसा स्वीकारला आहे.

१९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु सालेकसा आणि देवरीच्या जंगलपट्टीत आरोग्यव्यवस्था म्हणजे बहुतांशी उपकेंद्रातील नर्सबाई. आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. लसीकरण, हिवताप, सिकलसेलची तपासणी हे सारे तिच्याकडे. अडलेल्या बाळंतिणीला रात्री कधी हलवायचे, हा पहिला निर्णयही पुष्कळदा तिचाच. डॉक्टर बदलून जातात, ती राहते. मात्र औषधे किती मागवावीत, पैसा प्रथम कशावर खर्चावा, हे ठरविताना तिचे मत क्वचितच विचारले जाते. जबाबदारी आहे, अधिकार नाही, अशी ही स्थिती आहे.

मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिकेची परिसेविका होते, पुढे सहायक अधिसेविका आणि शेवटी अधिसेविका. ही बढती येते ती बहुधा सेवाज्येष्ठतेने, तीही निवृत्ती दृष्टिपथात आल्यावर. आयुष्यभर रुग्णाच्या उशाशी उभ्या राहिलेल्या बाईंवर एके दिवशी पाळ्यांची आखणी, साहित्याचा साठा, कर्मचाऱ्यांचे तंटे आणि वरिष्ठांशी पत्रव्यवहार हे सारे येऊन कोसळते. पोहायला न शिकवता विहिरीत उतरविण्याचाच हा प्रकार होय.

यावर आक्षेप घेतला जातो, तो असा : परिचारिका आधीच अपुऱ्या, त्यांना प्रशिक्षणाला धाडले तर रुग्णाकडे कोणी पाहायचे? आक्षेप खरा आहे, पण हिशेब अपुरा आहे. चुकीच्या आखणीमुळे एका कक्षात गर्दी आणि दुसऱ्यात ओढाताण होते, तेव्हा वाया जाणाऱ्या श्रमांची किंमत कोण मोजतो? प्रशिक्षित परिचारिकेचे तास नोंदवह्या उतरवून काढण्यात जातात, तो खर्च कोणत्या अंदाजपत्रकात दाखविला जातो? अर्थशास्त्राच्या भाषेत, जो खर्च दिसत नाही तोच अनेकदा सर्वांत मोठा असतो.

उपाय असाध्य नाहीत. दहा वर्षे सेवा झालेल्या होतकरू परिचारिका निवडून त्यांना व्यवस्थापन, हिशेब आणि आरोग्यविषयक आकडेवारी यांचे शिक्षण क्रमाक्रमाने द्यावे. जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयाने त्यात पुढाकार घ्यावा. पदव्युत्तर शिक्षणासाठी पगारी रजा मिळावी व तेवढ्याने ज्येष्ठता बुडू नये. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत परिचारिकेचा शब्द नोंदला जावा. आणि लिखापढीसाठी वेगळा कारकून द्यावा. यात डॉक्टरांच्या अधिकारावर आक्रमण नाही. उलट त्यांचा भार हलकाच होईल.

रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शंभर वर्षांपूर्वी स्त्रियांना, त्यातही विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखविली, तेव्हा कुलीन घरांनी नाके मुरडली होती. आज त्याच घरांतील आजारी माणसे परिचारिकेच्या भरवशावर रात्र काढतात. ज्यांच्या हाती आपण जीव निःशंकपणे सोपवितो, त्यांच्या हाती रुग्णालयाचा कारभार सोपविताना कचरावे, यात शहाणपण कोणते?