गहू सोडण्यापूर्वी तपासणी

सिल्लोड तालुक्यात पोळी आता सणावारापुरती राहिलेली नाही. शिधावाटप दुकानातील गहू भाकरी खाणाऱ्या घरांतही नित्य दळला जातो. बहुतेकांस तो पचतो. परंतु काही थोड्या लोकांस गव्हातील ग्लुटेन हे चिकट प्रथिन बाधते व त्यांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते. या विकारास सिलिॲक रोग म्हणतात. यात मुलाची वाढ खुंटते, पोट फुगते, हगवण लागते. मोठ्या माणसात कित्येकदा एवढेच दिसते की, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्तक्षय हटत नाही.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुले उलट सुधारली. विलेम डिके या डॉक्टरांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला.

एवढे ऐकून कोणी आजच गहू बंद करील, तर ती मोठी चूक होय. गहू सोडल्यावर रक्तातील प्रतिद्रव्ये ओसरतात आणि असलेला रोगही तपासणीत सापडत नाही. म्हणून पोळी चालू असतानाच डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. जरूर तर ते दुर्बिणीने आतड्याचा नमुना काढतात. शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या महाग चाचण्यांत मात्र पैसा घालू नये. त्यांतील प्रतिद्रव्ये बहुधा तो पदार्थ खाल्ल्याची खूण असते, रोगाची नव्हे.

रोग ठरला की पथ्य जन्मभराचे. गहू व जव दोन्ही वर्ज्य. खपली चालतो, ही समजूत घातक आहे, खपलीही गहूच. रवा, मैदा, शेवया तर उघडच आहेत, पण बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते.

सुदैवाने ज्वारी, बाजरी व तांदूळ निर्धोक आहेत. सिल्लोडच्या शिवारात मका मुबलक पिकतो, तोही चालतो. अडचण आहे ती गिरणीची. गव्हापाठोपाठ ज्वारी दळली, तर पाळूत राहिलेले गव्हाचे पीठ भाकरीत उतरते, आणि तेवढ्यानेही आतडे पुन्हा बिघडते. घरी भाकरी असून मूल सुधारत नाही, त्याचे कारण कित्येकदा हेच. अशा रुग्णाचे दळण घरच्या जात्यावर किंवा निराळ्या चक्कीवर काढावे. परात व चाळणीही वेगळी ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा घरी पथ्याची चौकशी करताना दळण कोठे होते, हे आधी विचारावे.