खंड्याची तहान

दोस्तांनो, या आठवड्यासाठी मी वेगळाच विषय योजून ठेवला होता. पण तासगावहून आलेल्या एका पत्रानं तो मागे ढकलला. पत्र आहे आठवीतल्या एका मैत्रिणीचं. चांगलं चार पानी! तिसऱ्या पानावर शाई फुटली आहे. पावसाचं पाणी पडलं असेल, असं मी धरून चालतो.

तिचा खंड्या अकरा वर्षांचा. कुत्र्यांच्या हिशेबात म्हणजे आजोबाच की! पावसाळ्यात त्याला गोचीडताप झाला. बरेच दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मग डॉक्टरांच्या गोळ्यांनी उठून बसला, शेपूट हलवू लागला, घरात आनंदीआनंद झाला. आणि तिथूनच पंचाईत सुरू झाली. खंड्या भांडंभर पाणी पितो आणि पाच मिनिटांत पुन्हा भांड्याशी हजर. भांडं रिकामं असलं तर न्हाणीतल्या बादलीत तोंड घालतो. ज्यानं अकरा वर्षांत घरात कधी घाण केली नाही, तो आता रात्री सोप्यात शू करून ठेवतो. एकदा तर थेट देवघराच्या उंबऱ्याशी! आजी चिडल्या. बाबांनी तोडगा काढला, की संध्याकाळी सातनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं. तरी शू थांबली नाही, म्हणून आता त्याला मळ्यात नेऊन बांधायचं घाटतंय. ‘तो मुद्दाम करतो का हो?’ असं पत्रात तीनदा विचारलंय.

नाही गं, मुद्दाम नाही. पण आधी एक काम कर. अंक इथेच पालथा घाल, उठ आणि खंड्याचं भांडं भरून जागेवर ठेव. मग पुढचं वाच.

ठेवलंस? आता ऐक. आपल्याला वाटतं, खूप पाणी पितो म्हणून खूप शू होते. बहुतेक आजारांत क्रम नेमका उलटा असतो. शू फार जाते, म्हणून तहान लागते. मूत्रपिंडं रक्त गाळतात तेव्हा पुष्कळ पाणी खाली उतरतं, पण त्यातलं जवळजवळ सगळं ती परत रक्तात ओढून घेतात. उरतं ते थोडंसं, पिवळं, उग्र वासाचं मूत्र. म्हातारपणानं किंवा आजारानं या गाळण्या निकामी होऊ लागल्या, की पाणी परत ओढायची ताकद जाते. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!), की साधारण दोन तृतीयांश गाळण्या जाईपर्यंत बाहेरून काही कळतच नाही. मग एकदम पाण्यासारखी फिकट शू, आणि तीही भरपूर. आता अशा कुत्र्याचं पाणी तोडलं तर काय होईल? गळकी टाकी गळतच राहणार, आपण फक्त वरचा नळ बंद केला!

मी हे अधिकारानं सांगतोय, कारण हीच चूक मी केली आहे. आमच्याकडे मोती होता. त्यानंही असंच सुरू केलं, आणि मीही दोन रात्री त्याचं भांडं माळ्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दाराशी उलट्या करत पडलेला. हिरड्या कोरड्या, चिकट. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. सलाईन लावावं लागलं. त्याची मूत्रपिंडं आधीपासूनच थकलेली होती, हे त्या दिवशी रक्त तपासल्यावर कळलं. त्यानंतर तो चार महिने जगला. त्या दोन रात्री मी पाणी तोडलं नसतं तर आणखी किती जगला असता, ते मला कोणी सांगू शकलं नाही.

खंड्याचं तसंच असेल असं मात्र मुळीच नाही, म्हणून घाबरू नकोस. त्याच्या औषधांची चिठ्ठी शोध. गोचीडतापात रक्तातल्या पेशी फार घटल्या तर डॉक्टर कधीकधी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड देतात. त्यानं तहान, भूक आणि शू तिन्ही वाढतात, आणि गोळ्या संपल्या की सहसा ओसरतात. पण म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका हं! शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, त्यामुळे मात्रा हळूहळूच उतरवावी लागते. गोळ्या संपून आठवडे झाले आणि तहान तशीच आहे, तर मात्र रक्त आणि लघवी तपासलीच पाहिजे. जुना गोचीडताप मूत्रपिंडांनाही इजा करू शकतो. शिवाय मधुमेह आहे, मूत्राशयाचा जंतुसंसर्ग आहे. आणि ज्यांच्या घरी ऑपरेशन न केलेली कुत्री आहे त्यांच्यासाठी सांगतो: माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती फार पाणी पिऊ लागली तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे उद्यावर ढकलायचं नाही.

मधुमेहावरून आठवलं. १८८९ साली स्ट्रासबर्गला फॉन मेरिंग आणि मिंकोव्हस्की या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून पाहिलं. सांगतात, की तो चांगल्या सवयीचा कुत्रा नंतर प्रयोगशाळेत जागोजाग शू करू लागला. मिंकोव्हस्कीनं त्याला रागे भरण्याऐवजी ती शू तपासली, तर तिच्यात साखर! त्याच धाग्यावरून पुढे १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट इन्सुलिनपर्यंत पोचले, आणि जानेवारी १९२२मध्ये ते टोचून घेणारा पहिला रोगी होता तुमच्याच वयाचा लेनर्ड थॉम्पसन.

तर तूही मिंकोव्हस्की हो. सकाळी आठला एक लिटरच्या बाटलीनं मोजून भांडं भर, दिवसभरात घातलेलं सगळं लिहून ठेव, दुसऱ्या दिवशी आठला उरलेलं मोजून वजा कर. असं तीन दिवस. न्हाणीचं दार मात्र लावलेलं हवं, नाहीतर हिशेब चुकला! दूध, ताकसुद्धा धर. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. १०० च्या वर गेलं की ते जास्तच. खंड्या १८ किलोचा आहे असं तू लिहिलंस, म्हणजे लिटरभर ठीक, पावणेदोन-दोन लिटर झालं की काळजी. (वजन माहीत नसेल त्यांनी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहावं आणि मग आपलं वजन वजा करावं. कुत्रा दांडगा असेल तर ही कसरत बाबांकडे सोपवावी.)

शू कशी होते तेही लिही. झोपेत अंथरूण भिजतं? दाराशी जाऊन वाट पाहतो आणि मग धीर सुटतो? की सारखा बसतो आणि चार थेंबच येतात? तिन्हींचा अर्थ वेगवेगळा, आणि डॉक्टरांना तो लगेच कळतो. सकाळची पहिली शू एखाद्या पसरट डबीत धरून स्वच्छ बाटलीत घेऊन जा. आईची पळी घेऊ नकोस, बोलणी खाशील. मध्येच खाणं सुटलं किंवा उलट्या लागल्या तर मात्र तीन दिवस थांबू नका, त्याच दिवशी जा.

बाबांना म्हणावं, निकाल येईपर्यंत मळ्याचा विषय नको. तिथे तो किती पितो, हे कोण बघणार? रात्री झोपताना एकदा आणि पहाटे एकदा त्याला बाहेर न्यायचं काम तू अंगावर घे. मागच्या दाराशी गोणपाटावर जुनी गोधडी टाक, देवघराच्या वाटेवर पाट आडवा लाव. आजींचंही खरंच आहे, रोज पुसायचं त्यांनाच पडतं. ते पुसणंही थोडे दिवस तूच कर.

ता. क. तुझ्या पत्रात एक ओळ ओझरती आली आहे, की आजोबा दुपारी स्वतः खाता खाता मूठभर बेदाणे खंड्यालाही देतात. तासगावात बेदाण्यांचं काय कौतुक! पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. काहींना काहीच होत नाही, काहींची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात, आणि कोणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. आजोबांना हे नीट वाचून दाखव. त्यांनी मायेनंच दिले, तेव्हा भांडू नकोस. डॉक्टरांनाही सांगायला विसरू नकोस. आणि तीन दिवसांचे आकडे मला कळव, मी वाट बघतोय.