सुट्टीतलं वर्कशॉप

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेला मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काम मागत फिरतो, यात नवल काही नाही. इथल्या कित्येक मेस्त्रींची सुरुवात अशीच झाली.

आता मालक आधी वय विचारतात, आणि ते योग्यच आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामांपासून दूर ठेवतो. फिरत्या लेथवर सैल बाही, हातमोजा किंवा चकमध्ये विसरलेली चावी, एवढंही अपघाताला पुरतं. जॉब कापताना निघणारी धातूची लांब, धारदार बरी हाताने ओढायची नाही, हे तर जुन्या कारागिरांनाही सांगावं लागतं.

मग 15 वर्षांच्या पोराने करायचं काय? झाडलोट आणि चहा, हे उत्तर आळशीपणाचं. (तेच सर्रास दिलं जातं.) त्याच्या हाती व्हर्नियर कॅलिपर द्यावा. 0.02 मिलिमीटरपर्यंत माप घेणं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचणं, जॉब पास की रिजेक्ट ते ठरवणं, हे सगळं मशिनपासून दूर, टेबलाशी बसून शिकता येतं. पुढे आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्टच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरायचा की नाही, हे त्याला मग स्वतःच ठरवता येईल.