एक्स कोण, हे कोण ठरवणार?

‘ईएमआय बसवून देतो मॅडम, टेन्शन नका घेऊ!’ वीकएण्डला बाणेर, वाकड, हिंजवडीचे सॅम्पल फ्लॅट बघत फिरणाऱ्या पब्लिकने हे वाक्य दहा वेळा तरी ऐकलेलं असतं. एसीची गार हवा, ट्रेमधून आलेली कॉफी आणि समोर कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला टायवाला. मला या सगळ्यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते ‘बसवून देतो’. नक्की काय बसवतो हा माणूस?

तर समजा, कर्ज ५० लाख, व्याजदर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो साधारण ४३,४०० रुपये. तुमचा चेहरा पडतो. तो लगेच म्हणतो, ‘तीस वर्षं करू ना!’ हप्ता ३८,४५० वर येतो. महिन्याला पाच हजार वाचले म्हणून तुम्ही खूश. पण बॉस, एकूण भरणा एक कोटी चार लाखांवरून एक कोटी अडतीस लाखांवर गेला, हे तो कॅल्क्युलेटर फिरवून दाखवत नाही.

आता यातलं गणित बघा. कर्ज, दर, मुदत आणि हप्ता अशा चार गोष्टी एकाच समीकरणात बांधलेल्या आहेत. कुठल्याही तीन ठरवल्या की चौथी आपोआप ठरते. सेल्सवाला फ्लॅटची किंमत, म्हणजे पर्यायाने तुमचं कर्ज, पक्कं धरतो. दर बँकेचा. मग हप्ता तुम्हाला झेपेपर्यंत तो मुदत ताणत राहतो. त्याच्या समीकरणात कर्ज कधीच ‘एक्स’ नसतं. एक्स असतो तो तुमचा पगार आणि तुमची पुढची तीस वर्षं.

आठवीतलं बीजगणित आठवा. एका बाजूचं पद दुसऱ्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं, गुणिले असेल तर भागिले होतं. समीकरणाच्या या दोन बाजूंना भास्कराचार्य आपल्या ‘बीजगणिता’त ‘पक्ष’ म्हणतात, तेही ११५० च्या सुमारास. पक्ष बदलला की चिन्ह बदलतं, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं समजवायला नको! आणि आपण ज्याला एक्स म्हणतो त्याला त्यांच्याकडे शब्द आहे ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. एकाहून जास्त अज्ञात असतील तर पुढे रंगांची नावं येतात, कालक, नीलक, पीतक. मला यावत्तावत् जाम आवडतो. कारण कुठल्या गोष्टीला ‘जेवढी असेल तेवढी’ म्हणायचं आणि कुठली घट्ट धरून ठेवायची, हा सगळा खेळ त्यातच आहे.

आमच्या ऑफिसमधल्या एकीने तेच केलं. साडेआठ टक्के आणि २० वर्षं पक्की धरली, तर एक लाख कर्जामागे हप्ता पडतो ८६८ रुपये. म्हणजे हप्ता बरोबर लाखांचा आकडा गुणिले ८६८. हे ८६८ पलीकडे नेलं की लाखांचा आकडा बरोबर हप्ता भागिले ८६८. भाडं, सिप, गावी पाठवायचे पैसे आणि (हो, का नाही?) वर्षातून एक ट्रिप एवढं बाजूला काढून तिच्या हातात महिन्याला तीस हजार राहत होते. ३०,००० भागिले ८६८, म्हणजे साडेचौतीस लाख. तिने सेल्सवाल्याला सरळ विचारलं, ‘साडेचौतीस लाखांच्या लोनमध्ये काय आहे तुमच्याकडे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, थोडं स्ट्रेच करा ना!’ ती कॉफी संपवून उठली. सध्या ती जुन्या सोसायट्यांतले रिसेलचे फ्लॅट बघतेय.

यासाठी वही-पेन्सिल घेऊन बसायलाच हवं असं नाही. तुमच्या एक्सेलमध्ये हे एकच समीकरण चार वेगवेगळ्या नावांनी बसलेलं आहे. हप्ता हवा तर पीएमटी, कर्ज हवं तर पीव्ही, मुदत हवी तर एनपीईआर आणि दर हवा तर रेट. यातला शेवटचा भाऊ मात्र हट्टी आहे. दर या समीकरणात इतक्या ठिकाणी अडकलाय, की त्याला ओढून एका बाजूला एकटा काढता येत नाही. म्हणून एक्सेलसुद्धा चक्क अंदाज करतं, तपासतं, सुधारतं. वीस फेऱ्यांत उत्तर जमलं नाही, तर एरर दाखवून मोकळं होतं. आणि जो आकडा सहज सुटत नाही तोच लपवायला सोपा! ‘फ्लॅट दहा टक्के’वालं पर्सनल लोन घ्या. एक लाख, तीन वर्षं, व्याज ३० हजार, हप्ता ३,६११. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलंय. हे तीन आकडे रेटमध्ये टाका. खरा दर निघतो जवळपास १८ टक्के.

मुदतीचं प्रकरण तर त्याहून भारी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. फ्लोटिंग रेटवाल्या बऱ्याच जणांचा हप्ता मात्र जागेवरच राहिला, त्यामुळे लोक निवांत होते. पण दर वाढला आणि हप्ता हलला नाही, तर काहीतरी हलायलाच हवं ना? हलली मुदत. ५० लाख, सात टक्के, २० वर्षं असं नुकतंच घेतलेलं कर्ज धरा. हप्ता ३८,७६५. दर आठ झाला तर तोच हप्ता साडेचोवीस वर्षांहून जास्त चालतो. नऊ झाला तर अडतीस वर्षं! आणि साडेनऊला महिन्याचं नुसतं व्याजच ३९,५८३ होतं. म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. आता एनपीईआरला विचारलंत तर ते उत्तरच देत नाही, कारण उत्तर नाहीच. हे कर्ज या हप्त्यात कधीच फिटणार नाही.

शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्या. आणि दर तिमाहीला किती हप्ते उरलेत ते त्याला कळवा. तेव्हा पुढचं स्टेटमेंट आलं की डिलीट मारण्याआधी तेवढा एकच आकडा बघा. मागच्या वेळेपेक्षा तो बरोबर तीनने कमी असायला हवा. नसेल, तर बँकेला फोन लावा आणि विचारा की मुदत कुणाला विचारून बदलली.