इंदापूरचे बंदर

मोरोपंतांच्या बारामतीत मराठी शिकवणाऱ्या माणसाचा बंदरांशी काय संबंध? मलाही तसेच वाटत होते. पण २०२४ च्या आरंभी इंदापूर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी चेहरा पाडून घरी आला.

"सर, द्राक्षं न्हावाशेव्याहून निघाली खरी, पण तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होताहेत. बोट सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालणार. भाडं वाढलं, दिवस वाढले. माल टिकेल का?"

धीर द्यावा म्हणून मी (मास्तरच तो!) इतिहास काढला. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रावरच्या अलेक्झांड्रियाहून निघालेला माल त्याच तांबड्या समुद्रातून सोपारा, कल्याण, चौल इथे उतरे आणि नाणेघाट चढून जुन्नरला येई. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या उत्खननात तिकडच्या मद्यकुंभांची खापरे निघाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर त्यांचा समुद्रदेव पोसायडनच सापडला! तेव्हा द्राक्षांचे मद्य तिकडून येई, आता द्राक्षे इकडून जातात. वाट तीच.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि सर, सोपाऱ्याचं पुढं काय झालं?"

मी गप्प झालो. खाडी गाळाने भरली, बंदर गेले. त्या बंदराच्या जिवावर जगणाऱ्या घाटावरच्या माणसांचे काय झाले, ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

त्याचा माल पोचला, पण भाव पडला. पुढच्या हंगामात त्याने अर्धी बाग मोडून ऊस लावला. तिकडची बंदरे आता मी वर्गात इंदापूरच्या शेजारची म्हणूनच सांगतो.